वय झाले, असे म्हणण्यापूर्वी

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण ज्याने रचली, त्याने ज्येष्ठांवर आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांवरही मोठा अन्याय करून ठेवला आहे. घरातील सत्तरीच्या माणसाने एकच प्रश्न तीनदा विचारावा, रात्री उठून दिवा लावून बसावे, आणि घरच्यांनी ‘आता वय झाले’ असे म्हणून विषय संपवावा, हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की हा बदल व्हायला वर्षे लागली की आठवडे, हे विचारायचेच राहून जाते. प्रस्तुत लेखाचा सारा भर त्या एका प्रश्नावर आहे. चार-पाच वर्षांत हळूहळू क्षीण होत गेलेली स्मृती आणि पाच-सहा आठवड्यांत ढासळलेली स्मृती या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात ज्या आजारांचा विचार करावा लागतो, त्यांपैकी काही बऱ्याच अंशी बरे होणारे आहेत. स्वयंप्रतिकारामुळे होणारा मेंदूचा दाह, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत ऑटोइम्यून एन्सेफलायटिस, हा त्यांतलाच एक.

अशा आजाराचे एक प्रातिनिधिक चित्र डोळ्यांपुढे आणू. ते कोणा एका रुग्णाचे नाही. अनेक रुग्णांच्या वर्णनांत जे पुन्हा पुन्हा येते, ते येथे एकत्र केले आहे. गृहस्थ अडुसष्ट वर्षांचे, निवृत्त शिक्षक. सकाळी चहा घेताना डाव्या हातातील बशीला एकाएकी हिसका बसतो आणि चहा सदऱ्यावर सांडतो. पत्नीला वाटते, लक्ष वर्तमानपत्रात असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच घडते. मग तिच्या ध्यानात येते की हात आखडतो त्याच क्षणी तोंडाचा डावा कोपराही ओढला जातो. सारा प्रकार दोन सेकंदांत संपतो. ‘अहो, काय होतंय तुम्हांला?’ ‘काही नाही गं, जरा हात आखडला.’ पंधरा दिवसांनी रक्ततपासणीत सोडियम कमी आढळते. त्याचे खापर रक्तदाबाच्या गोळीवर फुटते आणि गोळी बदलली जाते. महिन्याभराने ते रोजच्या फिरण्याच्या वाटेवर चुकतात. नातवाच्या मुंजीला आपण गेलोच नव्हतो, असे ठामपणे सांगतात. मुंज होऊन जेमतेम आठ दिवस झालेले असतात. उभ्या आयुष्यात आवाज न चढवलेला माणूस सुनेवर ओरडतो, रात्री झोपेत हातपाय झाडतो. घरात एक जण म्हणतो अल्झायमर, दुसरा म्हणतो पार्किन्सन, आणि शेजारच्या आजी म्हणतात, एकदा बाहेरचे काही आहे का ते पाहून घ्या.

या चित्रातील आजाराचे नाव एलजीआय-१ प्रतिपिंडांमुळे होणारा मेंदूदाह. तो प्रामुख्याने पन्नाशी-साठीनंतर होतो आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांत अधिक आढळतो. त्याची खूण त्या सांडलेल्या चहात होती.

ज्वराविना मेंदूज्वर

एन्सेफलायटिस या शब्दाला आपण मराठीत ‘मेंदूज्वर’ म्हणतो आणि तेथेच थोडी दिशाभूल होते. त्या शब्दातच ज्वर आहे. त्यामुळे ताप, उलट्या, बेशुद्धी असे काही नसेल तर मेंदूचा दाह आपल्या मनातही येत नाही. जंतू किंवा विषाणूंमुळे होणाऱ्या दाहाला ते वर्णन लागू पडते. स्वयंप्रतिकाराच्या दाहात मात्र बाहेरचा शत्रू आत आलेलाच नसतो. शरीराचे संरक्षण करण्यासाठी रक्तात तयार होणारी प्रतिपिंडे मेंदूतील एखाद्या प्रथिनालाच परके समजतात आणि त्याला जाऊन चिकटतात. ताप बहुधा नसतो किंवा अगदी किरकोळ असतो.

एलजीआय-१ हे असेच एक प्रथिन. दोन मज्जापेशी जेथे एकमेकींशी बोलतात त्या सांध्यात ते दुव्यासारखे असते आणि पेशींची उत्तेजना मर्यादेत ठेवते. प्रतिपिंडांनी हा दुवा निकामी केला की पेशी अकारण पेटू लागतात. हिप्पोकॅम्पस या भागावर त्याचा सर्वांत मोठा आघात होतो. कानशिलाच्या आत दोन्ही बाजूंना असलेला हा भाग नव्या आठवणी साठवण्याचे काम करतो. म्हणूनच पन्नास वर्षांपूर्वीच्या शाळेतील मुलांची नावे गुरुजींना आठवतात, पण मागच्या आठवड्यातील मुंज आठवत नाही.

या साऱ्या आजारांची ओळख वैद्यकाला फार उशिरा झाली. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे जोसेप डालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एनएमडीए ग्राहकांविरुद्धच्या प्रतिपिंडांचा आजार प्रथम उलगडला. तो मुख्यतः तरुण स्त्रियांत आढळतो आणि अनेकदा वेडाच्या झटक्यासारखा सुरू होतो. २००९ मध्ये न्यूयॉर्कमधील सुझॅना कॅहॅलन ही तरुण पत्रकार याच आजाराने महिनाभर भ्रमिष्टावस्थेत होती. डॉक्टर सुहेल नज्जार यांनी तिला कागदावर घड्याळ काढायला सांगितले, तेव्हा तिने बाराही आकडे तबकडीच्या उजव्या अर्ध्या भागात कोंबले. हे मनाचे दुखणे नसून मेंदूच्या एका बाजूचे आहे, हे त्या साध्या चाचणीने दाखवून दिले. तिने २०१२ मध्ये लिहिलेल्या पुस्तकामुळे आजाराचे नाव घरोघरी पोहोचले. (जाता जाता: बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातील क्नूट हे लाडके पांढरे अस्वल २०११ मध्ये प्रेक्षकांदेखत झटका येऊन पाण्यात पडले आणि मरण पावले. त्यालाही याच प्रकारचा मेंदूदाह होता, हे चार वर्षांनी उघड झाले.)

या प्रसिद्धीचा एक तोटाही झाला. हा तरुण मुलींचा आजार, असा समज पसरला. वस्तुतः एनएमडीएचा आजारही पंचेचाळिशीनंतर क्वचित होतो, आणि वृद्धांतील बाकीचे प्रकार वेगळ्याच वेषात येतात.

हिसका, काटा आणि रिकामे क्षण

एलजीआय-१ आजारातील तो चेहऱ्याचा आणि हाताचा हिसका ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०११ मध्ये नेमकेपणाने वर्णन केला. तो बहुधा तीन सेकंदांहून कमी टिकतो. दिवसातून कित्येकदा येतो, काही रुग्णांत शंभराहूनही अधिक वेळा. कधी डावीकडे, कधी उजवीकडे. पाय आखडला तर माणूस चालता चालता कोसळतो आणि ‘तोल गेला’ अशी नोंद होते. मोठा आवाज किंवा भावनिक क्षोभ यांनीही तो उद्भवू शकतो. हा अपस्माराचाच प्रकार असला, तरी मेंदूच्या विद्युत आलेखात, म्हणजे ईईजीत, अनेकदा काहीच दिसत नाही. म्हणून तो मानसिक, चाळा, कंप किंवा मानेच्या मणक्याचा दोष ठरतो.

या हिसक्यांचे महत्त्व असे की पुष्कळ रुग्णांत ते स्मृती ढासळण्याच्या आधी काही आठवडे सुरू होतात. निसर्गाने दिलेली ही आगाऊ सूचनाच म्हणावी. ऑक्सफर्डच्याच गटाने पुढे १०३ रुग्णांचा अभ्यास केला. केवळ अपस्माराच्या गोळ्यांनी महिन्याभरात दहांपैकी जेमतेम एकाचे हिसके थांबले, तर प्रतिकारशक्ती आवरणारे उपचार जोडल्यावर सुमारे निम्म्या रुग्णांचे थांबले. आणि ज्यांचे हिसके स्मृती बिघडण्यापूर्वी थांबले, त्यांची स्मृती वाचली. गोळ्या वाढवत राहिल्या आणि हिसके थांबत नाहीत, तर गोळीची मात्रा बदलण्याआधी निदानच पुन्हा तपासावे लागते, हा त्याचा व्यवहारातील अर्थ.

याच आजाराची आणखी काही रूपे इतकी विचित्र आहेत की सांगणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवू नये. काही रुग्णांच्या अंगावर, बहुधा एकाच बाजूला, अकारण काटा येतो. आपल्या भाषेत रोमांच हा आनंदाचा किंवा भीतीचा विषय. येथे तो मेंदूतील क्षणिक आकडीचा परिणाम असतो. कोणाला छातीतून गरम किंवा थंड लाट गेल्याचा भास होतो. कोणी बोलता बोलता काही सेकंद रिकाम्या नजरेने पाहतो आणि पुन्हा भानावर येतो. काहींची नाडी मधूनच एकदम मंदावते. हृदयाला पेसमेकर बसवल्यानंतर मेंदूचा आजार ध्यानात आल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत.

सोडियमविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. वृद्धांत सोडियम कमी होण्याची कारणे पुष्कळ. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या हे त्यांतले नेहमीचे. एलजीआय-१ आजारातही निम्म्याहून अधिक रुग्णांत ते उतरलेले असते. अपस्मारासाठी दिले जाणारे कार्बमॅझेपिन हे औषध सोडियम आणखी खाली नेऊ शकते. तेव्हा कारण दूर करूनही सोडियम पुनःपुन्हा घसरत असेल आणि सोबत विसरभोळेपणा किंवा हिसके असतील, तर या दोन गोष्टी एकत्र मांडून डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. बऱ्याचदा सोडियम एका डॉक्टरांकडे पाहिले जाते आणि स्मृती दुसऱ्याकडे. दोघांची गाठ रुग्णाच्या फाइलमध्येही पडत नाही. घरच्या घरी ताटातील मीठ वाढवणे हा मात्र उपाय नव्हे. रक्तदाब आणि हृदयविकार असलेल्यांना ते महागात पडते.

झोपेचे दार

काही प्रकार झोपेच्या दाराने आत येतात. ऑगस्तिन मोरवाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९० मध्ये वर्णन केलेल्या आजारात आठवडेच्या आठवडे झोप जवळजवळ नाहीशी होते, घामाने अंग निथळते, पायांची आग होते आणि पोटऱ्यांच्या कातडीखाली काही वळवळत असल्यासारखे स्नायू सतत हलत राहतात. या रुग्णांत बहुधा कॅस्पर-२ या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात. भारतातील अशा काही रुग्णांनी आधी पारा किंवा सुवर्ण असलेली भस्मे घेतल्याचे आढळले आहे. त्यामुळे घरात वैद्यांची, ओळखीतून आणलेली किंवा ‘ताकदीची’ म्हणून घेतलेली पुडी असेल, तर डॉक्टरांपासून ती लपवू नये. वडीलधाऱ्यांना त्यात संकोच वाटतो. अशा वेळी ती पुडीच सोबत न्यावी.

आयजीएलओएन-५ प्रतिपिंडांचा आजार २०१४ मध्ये स्पेनमधील बार्सिलोनाच्या गटाने जगापुढे मांडला. त्यात रुग्ण झोपेत बोलतो, हातवारे करतो, श्वास घेताना घशातून कर्कश आवाज येतो; दिवसा गिळताना ठसका लागतो, चालताना तोल जातो. हा आजार इतक्या सावकाश वाढतो की लेखाच्या आरंभी सांगितलेल्या वेगाच्या कसोटीला तो अपवाद ठरतो. साधे घोरणे समजून सोडून द्यावा असा तो आवाज नसतो. शेजारी झोपणाऱ्यालाच तो फरक कळतो.

आणखी तीन परिस्थिती थोडक्यात. हर्पिस विषाणूच्या मेंदूज्वरातून बरा होत असलेला रुग्ण दोन-तीन महिन्यांच्या आत पुन्हा बिघडला, तर ती विषाणूचीच परतफेड असते असे नाही. सुमारे चारांपैकी एका रुग्णात त्यानंतर स्वयंप्रतिकाराचा दाह उद्भवतो. कर्करोगावरील नव्या इम्युनोथेरपीच्या औषधांनीही क्वचित असा दाह होतो. आणि दीर्घकाळ धूम्रपान केलेल्या वृद्धाला एकाएकी वारंवार आकड्या येऊ लागल्या, तर काही वेळा फुप्फुसातील कर्करोगाचा पत्ता या मेंदूदाहामुळेच लागतो.

दुसऱ्या टोकाची चूक

येथपर्यंत वाचून एखाद्या सुनेने किंवा मुलाने उद्याच सासऱ्यांच्या ‘सगळ्या प्रतिपिंडांची’ तपासणी करून घ्यायचे ठरवले असेल, तर जरा थांबावे. वृद्ध माणूस दोन-तीन दिवसांत गोंधळला तर सर्वप्रथम मूत्रमार्गाचा संसर्ग, न्यूमोनिया, बद्धकोष्ठ, औषधांचा घोळ, रक्तातील साखर, आणि महिन्यापूर्वी डोक्याला लागलेल्या किरकोळ माराने कवटीच्या आत साचलेले रक्त यांचा शोध घ्यावा लागतो. थायरॉइड आणि ब-१२ जीवनसत्त्व यांच्या तपासण्याही आधी कराव्यात. ही कारणे कितीतरी अधिक वेळा आढळतात.

शिवाय स्वयंप्रतिकाराचा मेंदूदाह नसताना तो आहे असे ठरवल्याचीही उदाहरणे कमी नाहीत. अनेक केंद्रांतील तज्ज्ञांनी अशा १०७ रुग्णांची छाननी केली. त्यांचे खरे आजार वेगळेच होते: कोणाला मेंदूच्या झिजेचा आजार, कोणाला मानसिक विकार, कोणाला आणखी काही. फसगत होण्याचे एक मोठे कारण थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडे हे होते. थायरॉइडशी निगडित मेंदूविकाराचे पहिले वर्णन १९६६ मध्ये लॉर्ड ब्रेन या इंग्रज मज्जाविकारतज्ज्ञांनी केले. नावातच मेंदू असलेला माणूस मेंदूचा डॉक्टर व्हावा, हा योगायोग मोठा गमतीचा. पण ही प्रतिपिंडे अनेक निरोगी लोकांतही, विशेषतः वयस्कर स्त्रियांत, असतात. केवळ त्या अहवालावरून महिनोन्‌महिने स्टिरॉइड सुरू करणे योग्य नव्हे.

पाठीतले पाणी

निदानासाठी एमआरआय, ईईजी, रक्त आणि पाठीच्या कण्यातील द्रव या चार गोष्टी पाहिल्या जातात. ‘पाठीतले पाणी काढले की माणूस लुळा होतो’ या समजुतीपायी नातेवाईक तिसऱ्या तपासणीपर्यंत येऊन थबकतात. सुई कंबरेच्या खालच्या भागात घातली जाते. मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. डोके दुखणे हा नेहमीचा त्रास, आणि तो बहुधा काही दिवसांत जातो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते मात्र आधी सांगितलेच पाहिजे. एलजीआय-१ची प्रतिपिंडे द्रवापेक्षा रक्तात अधिक खात्रीने सापडतात, एनएमडीएची द्रवात. म्हणून दोन्ही नमुने पाठवणे इष्ट. एमआरआय निर्दोष आला म्हणून आजार नाही असे ठरत नाही. प्रतिपिंडांचा अहवाल यायला वेळ लागतो. संशय बळकट असेल आणि संसर्गाची शक्यता दूर झाली असेल, तर डॉक्टर त्याची वाट न पाहता उपचार सुरू करतात.

पहिला उपचार बहुधा मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचा असतो: रोज एक ग्रॅम, शिरेतून, तीन ते पाच दिवस. ते फार महाग नाही. इम्युनोग्लोब्युलिन मात्र शरीराच्या वजनावर मोजून द्यावे लागते आणि त्याचा खर्च लाखांच्या घरात जातो. रक्तद्रव बदलण्याची प्रक्रिया हा आणखी एक पर्याय. या खर्चाची चर्चा करण्यात कमीपणा नाही. कोणता उपचार आधी, कोणता लागलाच तर नंतर, आणि त्यातील कोणता भाग विम्यात किंवा शासकीय योजनेत बसतो, हे पहिल्याच दिवशी विचारावे.

मधुमेहींची साखर स्टिरॉइडने हमखास चढते. झोप उडते, चिडचिड वाढते, आणि घरच्यांना वाटते आजारच बळावला. पूर्वी क्षयरोग झाला असेल तर त्याची नोंद द्यावी. तोंडाने घ्यायच्या गोळ्या पुढे महिनोन्‌महिने चालतात आणि पायरीपायरीने उतरवल्या जातात. बरे वाटले म्हणून त्या एकाएकी बंद करणे धोक्याचे आहे. भ्रम किंवा आरडाओरडा शमवण्यासाठी शेजारच्या दुकानातून झोपेचे किंवा मानसिक आजाराचे औषध आणून देऊ नये. एनएमडीएच्या आजारात अशी काही औषधे सोसत नाहीत. अंग ताठरते आणि ताप चढतो.

या साऱ्या यंत्रसामग्रीत घरातील माणसाचे स्थान कोठे, असे कोणी विचारील. ते सर्वांत पुढे आहे. तज्ज्ञांच्या खोलीतील पंधरा मिनिटांत हिसका येईलच असे नाही. म्हणून जेवणाच्या वेळी मोबाइल समोर टेकवून दहा-पंधरा मिनिटांचे चित्रण करावे, चेहरा आणि दोन्ही हात एकाच चौकटीत येतील असे. झोपेतील आवाजाचेही तसेच. एका वहीत तारखा लिहाव्यात: पहिला हिसका कधी, रस्ता पहिल्यांदा कधी चुकले, सोडियम कोणत्या दिवशी किती होते, कोणती गोळी कधी बदलली. ‘बरेच दिवस झाले’ या उत्तरापेक्षा ‘दिवाळीत हिशेब स्वतः करत होते, संक्रांतीला वीस रुपयांचे सुटे मोजता येईनात’ हे वाक्य डॉक्टरांना अधिक सांगून जाते.

योग्य उपचारांनी हिसके बहुधा लवकर थांबतात. स्मृती त्यामानाने सावकाश परतते. सुधारणा वर्ष-दोन वर्षे चालू राहते, आणि काहींत उणीव कायम राहते. विशेषतः आजारपणाच्या काळातील आठवणी सहसा परत येत नाहीत. त्या गुरुजींना मुंज पुढेही आठवणार नाही. ‘आठवा बरं, कोण कोण आलं होतं?’ अशी परीक्षा घेऊ नये. छायाचित्रे दाखवावीत आणि काय घडले ते सांगावे. वाहन चालवणे तज्ज्ञ सांगेपर्यंत बंदच ठेवावे. हा आजार पुन्हा उलटू शकतो, कधी काही वर्षांनीही. वही म्हणूनच बंद करू नये, आणि हाताचा हिसका पुन्हा दिसला तर पुढच्या भेटीची तारीख येईपर्यंत न थांबता त्याच दिवशी फोन करावा.